ब्राउझरला नाव विचारून संशोधन होत नाही



पेटची तयारी करणारे, कोर्सवर्कला बसलेले आणि सिनॉप्सिस लिहायला घेतलेले असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी हा ब्लॉग वाचतात. आजचा लेख तिघांच्याही कामाचा आहे. विषय मात्र अगदी छोटा घेतलाय. बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलेल्या प्रत्येकाच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये जावास्क्रिप्टचा एक प्रोग्रॅम असतो: "पाहुणा कोणता ब्राउझर वापरतो ते ओळखा." चार-पाच ओळींचं काम. नॅव्हिगेटर नावाच्या ऑब्जेक्टला विचारायचं, उत्तर आलं की इफ-एल्स लावायचं, स्क्रीनवर नाव दाखवायचं. सरांची सही, दहापैकी नऊ मार्क.

जर्नलपुरतं हे ठीक आहे. पण हाच प्रोग्रॅम पुढे एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये येतो आणि तिथून थेट प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात जाऊन बसतो: "प्रतिसादकांचे ब्राउझरनिहाय वर्गीकरण". खाली टक्केवारी, बाजूला पाय चार्ट आणि वर काय स्क्वेअर टेस्ट. माझा आक्षेप या प्रवासावर आहे. ब्राउझरने सांगितलेलं नाव हे निरीक्षण नाही, तो ब्राउझरचा दावा आहे. दाव्याला मोजमाप म्हणून टेबलात बसवलं की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.

आधी प्रोग्रॅम तपासू. आजही काही नोट्समध्ये नॅव्हिगेटर.ॲपनेम वापरायला सांगतात. आत्ता तुमच्या मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर हे करून बघा. क्रोम असो, फायरफॉक्स असो की सफारी, उत्तर एकच येईल: "नेटस्केप". नेटस्केप तर बंद पडून वर्षं झाली! ही चूक नाहीये बरं का. एचटीएमएलच्या अधिकृत मानकातच लिहिलंय की ॲपनेमने "नेटस्केप" असंच उत्तर द्यायचं, आणि ॲपकोडनेमने "मोझिला". म्हणजे सगळ्या ब्राउझरनी नियमाने तेच नाव सांगायचं.

असं का झालं? आपल्याकडे नवीन माणूस भेटला की आधी गाव विचारतात आणि मग हळूच विचारतात, "आडनाव काय म्हणालात?" आडनावावरून समोरच्याची पायरी ठरवायची सवय जुनी आहे. आणि जिथे आडनावावर दार उघडतं किंवा बंद होतं, तिथे माणसं आडनाव बदलतात, नुसतं गावाचं नाव लावतात किंवा काहीच लावत नाहीत. त्यात त्यांचा दोष नसतो, विचारणाऱ्याचा असतो. ब्राउझरच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

नेटस्केपचं आतलं नाव मोझिला होतं आणि सर्व्हरकडे जाताना तो हेच नाव सांगायचा. त्याने फ्रेम्सची सोय आणली तेव्हा बऱ्याच वेबसाइटवाल्यांनी अट घातली: नाव मोझिला असेल तर चांगलं पान द्या, नाहीतर साधं द्या. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर १९९५ मध्ये आला. फ्रेम्स त्यालाही जमू लागल्या, पण नाव मोझिला नसल्यामुळे त्याच्या वाट्याला साधं पान यायचं. मग त्यानेही "मोझिला" म्हणायला सुरुवात केली आणि कंसात "सुसंगत" असा खुलासा जोडला. पुढे केएचटीएमएल इंजिनवाल्यांना गेकोची पानं हवी होती, म्हणून त्यांनी "गेकोसारखा" असं जोडलं. २००३ मध्ये आलेल्या ॲपलच्या सफारीने ते सगळं पुढे चालवलं. २००८ मध्ये क्रोम आला आणि त्याने सफारीचंही नाव खिशात घातलं. आज क्रोमची यूजर एजंट ओळख वाचली तर त्यात मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, क्रोम आणि सफारी एवढी सगळी नावं एका रांगेत दिसतात. २०१३ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ ने तर कहर केला. आपली जुनी खूण काढून टाकली, "गेकोसारखा" म्हणायला लागला आणि ॲपनेम विचारलं की "नेटस्केप" सांगू लागला.

आकड्यांचीही तीच गत. ऑपेरा दहाव्या आवृत्तीवर आला तेव्हा अनेक स्क्रिप्ट आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचायच्या. दहाला त्या एक समजायच्या आणि "ब्राउझर फार जुना आहे" म्हणून पाहुण्याला परत पाठवायच्या. शेवटी ऑपेराने २००९ मध्ये ओळखीत ९.८० च ठेवलं आणि खरी आवृत्ती मागे वेगळी लिहिली. ज्याला नवं केलं त्यालाच जुनं असल्याचं सोंग करावं लागलं.

आता हे सगळं अमेरिकेतल्या कंपन्यांचं भांडण वाटत असेल, तर मराठीकडे या. नावावरून ठरवण्याची किंमत मराठी वाचकांनी प्रत्यक्ष मोजलेली आहे.

१९९० च्या दशकाच्या शेवटी मराठी मजकूर वेबवर आणायचा म्हणजे मोठी अडचण होती. युनिकोड अस्तित्वात होतं, पण घरोघरच्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये देवनागरीची नीट सोय नव्हती. मजकूर तयार व्हायचा पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी अशा साधनांवर. त्यात फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असायचे आणि ठरावीक फॉन्ट लावला की ते देवनागरी दिसायचे. फॉन्ट नसेल तर पानावर नुसती कचऱ्यासारखी चिन्हं. म्हणून "डायनॅमिक फॉन्ट" आले: वाचकाने काहीही उतरवून घ्यायचं नाही, पानासोबत फॉन्ट आपोआप येईल.

पण त्याचे दोन प्रकार होते. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ ला ईओटी नावाची फाइल समजायची. त्याच वर्षीच्या नेटस्केप ४ ला बिटस्ट्रीम कंपनीची पीएफआर फाइल समजायची. मग वेबसाइट बनवणाऱ्याने काय करावं? ब्राउझरला नाव विचारावं. नेटस्केप असेल तर पीएफआर, नसेल तर ईओटी. त्या दिवशी हा निर्णय चुकीचा नव्हता. दोनच मुख्य ब्राउझर, दोनच फाइली, आणि नावावरून कुवत कळत होती.

गडबड पुढे झाली. नेटस्केप ६ नोव्हेंबर २००० मध्ये आला तो नव्या इंजिनवर, आणि त्यात पीएफआरची सोयच राहिली नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. तोही त्याच घराण्यातला, म्हणून ॲपनेम विचारलं की "नेटस्केप" सांगायचा. आता जुन्या स्क्रिप्टचं वागणं डोळ्यांसमोर आणा. ती विचारणार, नाव काय? उत्तर, नेटस्केप. स्क्रिप्ट खुशीत पीएफआर पाठवणार. फायरफॉक्सला ती फाइल कळत नाही. वाचकासमोर बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि उलटेसुलटे स्वर. काही साइट्सनी तर पीएफआरचा नाद सोडून फक्त ईओटी ठेवलं आणि "इंटरनेट एक्सप्लोरर वापरा" अशी पाटी लावली. लिनक्सवाल्या मराठी माणसाने मग मराठी वाचायचंच नाही का?

इथे नीट थांबा, कारण संशोधनाचा धडा इथेच आहे. नाव घराण्यातून आलं होतं, कुवत मात्र मधल्या काळात गेली होती. स्क्रिप्ट ज्या दोन गोष्टींना एक समजत होती त्या वेगळ्या झाल्या आणि स्क्रिप्टला ते कधीच कळलं नाही, कारण तिने कुवत तपासलीच नव्हती. संशोधन पद्धतीच्या भाषेत ब्राउझरचं नाव हा प्रातिनिधिक चल होता. चल आणि मूळ गोष्ट यांचं नातं १९९७ मध्ये खरं होतं. २००४ मध्ये ते तुटलं होतं, पण नातं तुटल्याची सूचना कोणताही चल स्वतःहून देत नाही. ती तपासणी संशोधकाने करायची असते. आणि याचा त्रास आजही आहे. त्या काळातली मराठी पानं जशी साठवली गेली तशी आज उघडली तर मजकूर वाचता येत नाही, शोधता येत नाही. मराठी कॉर्पसवर काम करणाऱ्याला आधी कोणता फॉन्ट होता ते शोधून युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं.

आता आपल्या भागातल्या आजच्या संशोधनाकडे येऊ. समजा, तुम्ही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांत, "ग्रामीण विद्यार्थ्यांची डिजिटल साधने" असा विषय घेतला. प्रश्नावलीचं पान स्वतः बनवलं आणि गुपचूप यूजर एजंटही नोंदवून घेतलं. देगलूर, मुखेड, किनवट, उदगीर, अहमदपूरकडच्या पोरांनी मोबाईलवर फॉर्म भरला. तुम्ही टेबल काढलं आणि दिसलं की जवळपास सगळ्यांचे फोन अँड्रॉइड १० वर आहेत. अँड्रॉइड १० हे २०१९ चं. तुम्ही लिहिलं, "मराठवाड्यातील ग्रामीण विद्यार्थी कालबाह्य फोन वापरतात." शिफारशीत लिहिलं, "शासनाने नवीन साधने पुरवावीत."

वाचायला छान आहे. पण हा निष्कर्ष फोनमधून आलेलाच नाही. गूगलने क्रोमची यूजर एजंट ओळख टप्प्याटप्प्याने कमी केली, आणि २०२३ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम प्रत्येक फोनवर एकच सांगतो: अँड्रॉइड १०, मॉडेल "के". फोन काल शोरूममधून आणलेला असो की सहा वर्षं वापरलेला, उत्तर तेच. आवृत्तीचा पहिला आकडा खरा, पुढचे सगळे शून्य. तुमच्या टेबलात विद्यार्थ्यांची गरिबी दिसत नाहीये, गूगलचा निर्णय दिसतोय. हाच अभ्यास पुण्यात किंवा मुंबईत केला असता तरी तिथले फोनसुद्धा अँड्रॉइड १० च निघाले असते. पण तिथे कुणी "कालबाह्य" लिहिलं नसतं. आपल्याकडे लगेच लिहिलं जातं, कारण आपल्या मनात उत्तर आधीच तयार असतं. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं. खोट्या मोजमापाने आपल्याच भागाबद्दलचा आपला पूर्वग्रह पक्का होतो, आणि त्यावर पीएचडीचा शिक्का बसतो.

अजून गंमत म्हणजे एखाद्या ॲपच्या आतच दुवा उघडला, तर बऱ्याचदा तो क्रोममध्ये न उघडता वेबव्ह्यूमध्ये उघडतो. वेबव्ह्यूला ही कपात सुरुवातीला लागू नव्हती. म्हणजे एकाच मुलीने एकाच फोनवरून दोन वेळा पान उघडलं, एकदा क्रोममधून आणि एकदा ॲपमधून, तर तुमच्या नोंदीत दोन वेगळे फोन!

खेड्यातल्या वापराचे आणखी तीन नमुने घ्या. पहिला जिओफोन. २०१७ मध्ये आलेला बटनांचा फोन, कायओएसवर चालणारा. त्याच्या ओळखीत फायरफॉक्स ४८ असं येतं. तुमची स्क्रिप्ट "फायरफॉक्स" शोधत असेल तर जिओफोनवाला आणि लॅपटॉपवर फायरफॉक्स वापरणारा प्राध्यापक एकाच रकान्यात. दुसरा ऑपेरा मिनी. कमी डेटा लागतो म्हणून आपल्याकडे खूप चालला. त्याच्या जास्त बचतीच्या प्रकारात पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडतं, तुमची जावास्क्रिप्ट तिथेच थोडा वेळ चालते आणि तयार झालेलं पान दाबून फोनकडे येतं. आपण जिला "क्लायंट साइड" म्हणतो ती स्क्रिप्ट क्लायंटपर्यंत पोचलेलीच नसते. अशा वेळी आयपीवरून जिल्हा काढायचा प्रयत्न केला तर तोही ऑपेराचा सर्व्हर जिथे असेल तिथला निघेल. तिसरा नमुना शहरातला: आयफोनवरचा क्रोम. नाव क्रोम, पण आत इंजिन ॲपलचं वेबकिट. २०२४ मध्ये युरोपीय संघात वेगळ्या इंजिनला वाट मिळाली, आपल्याकडच्या आयफोनवर मात्र वेबकिटच. आणि ब्रेव्ह ब्राउझर स्वतःला सरळ क्रोमच म्हणवतो.

नावावर दार बंद करण्याचा अनुभव तर तुमच्यापैकी कित्येकांना असेल. फॉर्मची शेवटची तारीख, हातात चालता फोन, आणि पान म्हणतं की तुमचा ब्राउझर चालणार नाही. मग तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन सेंटरवर जा, रांगेत थांबा, पैसे द्या. त्या पानाला खरोखर काय हवं असतं? एक फाइल चढवता येणं, एक तारीख निवडता येणं. ते त्या फोनला जमतं की नाही हे कुणी विचारलेलंच नसतं.

मग विचारायचं कसं? काम सांगून. याला फीचर डिटेक्शन म्हणतात. जेक्वेरी या लोकप्रिय लायब्ररीत ब्राउझरचं नाव सांगणारी सोय होती. २००९ च्या १.३ आवृत्तीत "ती वापरू नका" असं सांगण्यात आलं आणि २०१३ च्या १.९ मध्ये ती काढूनच टाकली. व्यवसायातल्या लोकांनी हा धडा केव्हाच घेतला, आपल्या जर्नलमध्ये मात्र तो प्रोग्रॅम अजून आहे.

पण इथेही एक खाच आहे, आणि बरेच लेख ती सांगत नाहीत. "सोय आहे का?" हा प्रश्नसुद्धा पुरेसा नाही. पूर्वी डॉक्युमेंट.ऑल आहे का हे बघून लोक इंटरनेट एक्सप्लोरर ओळखायचे. इतर ब्राउझरना जुनी पानं चालवण्यासाठी ती वस्तू ठेवावी तर लागली, पण विचारलं की "नाही" म्हणायचं असं मानकातच ठरलं. वस्तू हजर, टाइपऑफ विचारा तर उत्तर "अनडिफाइंड". म्हणजे वस्तूवरून नाव ओळखणं हा पुन्हा नाव विचारण्याचाच आडमार्ग झाला, आणि ब्राउझरने तिथेही सोंग घेतलं.

मराठीतलंच उदाहरण घेऊ. तुम्हाला मराठी उत्तरातली अक्षरं मोजायची आहेत. साधी लेंग्थ वापरली तर "क्ष" चे तीन भरतात: क, हलन्त आणि ष. त्यासाठी इंटल.सेगमेंटर नावाची सोय आहे. क्रोममध्ये ती २०२० मध्ये आली, सफारीत २०२१ मध्ये, फायरफॉक्समध्ये थेट एप्रिल २०२४ मध्ये. आता तीन पायऱ्या बघा.

पहिली पायरी: ब्राउझर कोणता? या उत्तरावरून काहीच नक्की कळत नाही.

दुसरी पायरी: सेगमेंटर आहे का? हो किंवा नाही, एवढं कळतं.

तिसरी पायरी: सेगमेंटरला "क्ष" द्या आणि किती तुकडे पडतात ते बघा. युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे दोन तुकडे पडायचे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी नियम बदलला आणि एक तुकडा धरला जाऊ लागला. दोन ब्राउझरमध्ये सोय असूनही उत्तर वेगळं येऊ शकतं. मराठी भाषेवरच्या संशोधनात हा फरक म्हणजे सगळ्या आकडेवारीचा फरक आहे.

तसंच अंकांचं. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या मराठी पद्धतीने दाखवायला सांगा. ज्या ब्राउझरकडे मराठीची माहिती आहे तो १२,३४,५६७ असं देवनागरीत देईल. ज्याच्याकडे नाही तो निमूटपणे दुसऱ्याच भाषेची पद्धत वापरेल, चूक म्हणून ओरडणार नाही. म्हणून काम करून घ्यायचं आणि आलेलं उत्तर तपासायचं. प्रयोगशाळेत थर्मामीटरवर कंपनीचं नाव वाचून आपण थांबतो का? वितळणाऱ्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का ते बघतो. हे तेच आहे.

मग नावाचा काहीच उपयोग नाही का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. एखाद्या ठरावीक आवृत्तीत ठरावीक बिघाड असतो आणि तो कोणत्याही सोप्या चाचणीत सापडत नाही, तेव्हा नाव आणि आवृत्ती लागते. सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्याला किती लोक जुन्या आवृत्तीवर अडकलेत ते बघावं लागतं. बिघाड शोधताना लॉगमध्ये नाव असणं सोयीचं असतं. क्रोमने २०२१ मध्ये यूजरएजंटडेटा नावाची नवी, जास्त नीटनेटकी सोयही दिली. पण त्यातसुद्धा ब्राउझरच्या यादीत एक "मी ब्रँड नाही" अशा अर्थाचं खोटं नाव मुद्दाम घुसवलेलं असतं, म्हणजे कुणी यादीवर आंधळेपणाने दार बांधू नये. फायरफॉक्स आणि सफारीने ही सोय घेतलेली नाही. आणि फायरफॉक्स तर काही ठरावीक साइट्सपुरतं आपलं नाव बदलून सांगतो, कारण त्या साइट्स नावावर अडवतात. म्हणून नाव वापरायचं तर वापरा, पण तो दावा आहे हे लिहून वापरा.

आता नमुना निवडीची एक गोष्ट, पेटलाही कामाची. ब्राउझरचं नाव, स्क्रीनचा आकार, फॉन्टची यादी, वेळेचा पट्टा अशा खुणा एकत्र केल्या की त्यातून माणूस ओळखता येतो का? याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. २०१० मध्ये पीटर एकर्सली यांनी ईएफएफ संस्थेच्या प्रयोगातून निष्कर्ष काढला: ४,७०,१६१ ब्राउझरपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय. हा आकडा जगभर गाजला. २०१८ मध्ये गोमेझ-बोआ, लापेर्द्री आणि बोद्री यांनी फ्रान्समधल्या एका मोठ्या वेबसाइटवर २०,६७,९४२ ठशांचा अभ्यास केला. तिथे एकमेवाद्वितीय निघाले फक्त ३३.६ टक्के, आणि मोबाईलमध्ये तर १८.५ टक्केच.

कोण खरं? पहिल्या प्रयोगात खास ओळख तपासायलाच आलेली माणसं होती, म्हणजे तंत्रज्ञानाची आवड असलेली, ब्राउझरमध्ये बदल करून ठेवणारी. दुसऱ्यात रोजच्या कामासाठी आलेला सामान्य पाहुणा होता. मधल्या आठ वर्षांत फ्लॅशसारखे जोडभागही गेले. दोन्ही आकडे आपापल्या नमुन्यापुरते खरे आहेत. व्हायवाला "तुमचा नमुना कोण?" असं विचारतात ते यासाठीच. लातूरच्या कोचिंग क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुवा टाकून आलेल्या उत्तरांना "मराठवाड्यातील विद्यार्थी" म्हणता येत नाही, पान कितीही छान बनवलं तरी.

आणि यात नीतीचा प्रश्नही आहे. वर मी "गुपचूप नोंदवून घेतलं" असं लिहिलं. ते गुपचूप चालणार नाही. अनेक खुणा मिळून माणूस ओळखू येत असेल, तर नाव न विचारताही तुम्ही त्याची माहिती गोळा करताय. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स हा पेपर आहेच, तो नुसता क्रेडिटसाठी वाचू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सूट आहे, पण अटींसह. फॉर्मच्या सुरुवातीलाच साध्या मराठीत लिहा की आम्ही अमुक तांत्रिक माहिती नोंदवतो, ती कशासाठी आणि किती दिवस ठेवणार.

शेवटी, काम काय करायचं ते सांगतो.

एक, सिनॉप्सिस लिहितानाच ठरवा की तुम्हाला ब्राउझरचं नाव का हवंय. "सगळे घेतात म्हणून" हे कारण आरआरसीपुढे टिकत नाही आणि टिकूही नये.

दोन, फोन जुना की नवा हे हवं असेल तर माणसाला विचारा: फोन कधी घेतला, नवीन घेतला की वापरलेला, घरात किती जण वापरतात. त्या उत्तरातही चुका असतील, पण त्या माणसाच्या चुका असतील, त्यांचा अंदाज घेता येतो.

तीन, सोय हवी असेल तर ती सोय वापरून बघणारी छोटी चाचणी लिहा आणि निकाल नोंदवा.

चार, नाव घेतलंच तर मूळ यूजर एजंट जसंच्या तसं सांभाळून ठेवा, फक्त तुमच्या इफ-एल्सचं उत्तर ठेवू नका. वर्गीकरण चुकलं तर मूळ नोंदीवरून दुरुस्त करता येतं. आणि तारीख ठेवा, कारण २०२२ ची नोंद आणि २०२४ ची नोंद एकाच अर्थाची नाही.

पाच, तिसऱ्या प्रकरणात मर्यादा म्हणून साधं वाक्य लिहा: "ब्राउझर व ऑपरेटिंग सिस्टीमची माहिती ब्राउझरने स्वतः जाहीर केलेली असून तिची स्वतंत्र पडताळणी केलेली नाही." एवढ्या एका वाक्याने तुमचं टेबल प्रामाणिक होतं. आणि ते वाक्य लिहिताना "मग हे टेबल ठेवूच कशाला?" असा प्रश्न मनात आला, तर तो टाळू नका. गाईडशी बोला. कदाचित ते टेबल काढून टाकणं हेच त्या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं संशोधन ठरेल.

जर्नलमधल्या त्या प्रोग्रॅमचं काय करायचं? तो ठेवा. फक्त आउटपुटच्या खाली "नेटस्केप" असं लिहून सरांकडे सहीला न्या आणि विचारा, "सर, हे असं का येतं?" कोर्सवर्कचा पहिला तास तिथूनच सुरू करता येईल.